आबाची जागा

मिशी मला मृणाल मॅडमनी स्वतः चिकटवली. एका हातानं माझी हनुवटी धरून, दुसऱ्या हातानं वरच्या ओठावर डिंक लावत त्या सांगत होत्या की हलू नको, हसू नको, वाकडी बसली तर फोटोत दिसेल. मी कशाला हसते? गेल्या दोन महिन्यांत मला हसूही आलं नव्हतं आणि रडूही. डिंकाचा वास नाकात गेला, एवढंच.

त्यांचं म्हणणं असं की तीनशे वर्षांपूर्वी बायका सनई वाजवत नव्हत्या. त्यांच्या कुणा इतिहासाच्या तज्ज्ञानं तसं लिहून दिलं होतं. तेव्हा मेळ्यात वाजवायचं असेल तर पुरुष होऊन वाजवायचं, नाहीतर जात्यापाशी दळणाऱ्या बायकांत जाऊन बसायचं. हे त्या जरा भीतभीतच बोलल्या, मी चिडेन म्हणून. त्यांना काय ठाऊक, आज बाप्या कसं दिसायचं याचीच चिंता करत मी घरून निघाले होते. आयतीच सोय झाली. मी म्हटलं, लावा, चांगली मोठी लावा.

बोलण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या कोल्हापुराकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. आता क्लासात शिकवून शिकवून मला 'आले, जेवले'ची सवय लागलीय, पण त्या दिवशी मिशी लावून मी माझ्या नेहमीच्या भाषेत बोलत हिंडलो आणि कुणाला कसली शंका आली नाही.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्हाळ्याच्या रस्त्याला एका माळावर मृणाल मॅडमनी तो मेळा भरवला होता. तीनशे वर्षांपूर्वीचं गाव उभं केलं होतं म्हणे. प्लायवूडचा दरवाजा, थर्माकोलचे बुरूज, कुंभार, लोहार, तेलाचा घाणा. पुण्यामुंबईची माणसं भाड्याची पगडी नाहीतर नऊवारी घालून हिंडत होती आणि द्रोणातून झुणका-भाकर खात होती. एक महाराजही होते, पालखीतून यायचे. कुठले महाराज ते मुद्दाम ठरवलं नव्हतं, कारण ठरवलं की वाद होतात. सगळ्यांची घड्याळं काढून घेतली होती. माझा चुलतभाऊ धोंडीराम नगारा वाजवायचा, त्याचा चष्मासुद्धा मॅडमनी काढून घेतला, त्या काळात चष्मे नव्हते म्हणून. धोंड्याला चष्म्याशिवाय हातभर पुढचं दिसत नाही. तो मला म्हणाला, बरं झालं, आज काय व्हायचं ते मला दिसायला तरी नको.

काय व्हायचं होतं ते आम्हा तिघांनाच माहीत होतं. मी, धोंडीराम आणि माझा बाप.

माझ्या बापाचं, म्हणजे आबाचं, नाव केरबा गुरव. आमच्या गावच्या भैरोबाच्या देवळात नगारखाना आहे, दरवाजाच्या वर, माडीवर. तिथं सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायचा मान आमच्या घराकडं चार पिढ्या होता. मानाबरोबर देवळामागचं घर होतं, देवस्थानच्या जागेतलं. वाजवणारा असेल तोवर घर. आबाला मुलगा नव्हता. मी एकटी, तीही लग्न मोडून परत आलेली. आई मी बारावीत असताना गेली. आबाच्या मागं काय, हा प्रश्न गावात सगळ्यांना पडायचा, आमच्या घरात तेवढा तो कुणी काढत नसे.

सनई मला येत होती. म्हणजे मी सूर धरायचे. सनईत एकजण वाजवतो आणि दुसरा त्याच्या मागं बसून एकच सूर धरून राहतो, न थांबता, गालात हवा साठवून नाकानं दम घेत. मी नऊ वर्षांची असल्यापासून आबाच्या रियाजाला चुलीपाशी बसून सूर धरत आले. घरात. नगारखान्यात बाईनं चढायचं नाही, हा नियम. तिथं सूर धरायला धोंडीरामचा बाप होता, तो मेळ्याच्या आदल्या वर्षी वारला, मग आबानं बॅटरीवरची सुरपेटी आणली आणि तिला रोज शिव्या घालत तिच्या सुरावर वाजवायला लागला.

सूर धरता धरता सगळं कानात बसतं. माझी बोटं कधी आपोआप चालायला लागली ते मला सांगता यायचं नाही. आबा बाहेर गेला की मी वाजवायचे. त्याला ते कळत होतं, पण चांगलं की वाईट, कधी बोलला नाही. दादेच्या बाबतीत तो भारी चिकट. त्याच्या बापानं त्याला आयुष्यात एकदा 'वा' म्हटलं होतं, तो बावीस वर्षांचा असताना, माघी पौर्णिमेला, आणि ती तिथी तो अजून सांगायचा. मी एकदा विचारलं होतं की आजोबांनी पुन्हा कधीच का नाही म्हटलं. तर म्हणाला, "दाद एकदाच द्यायची. पुन्हा दिली की ते लाड झाले."

त्या वर्षी दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी आबा सकाळी चूळ भरायला गेला आणि पाणी त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. डावा गाल उतरला होता, डावा डोळा मिटत नव्हता. डॉक्टर म्हणाले तोंडाचा लकवा आहे, गोळ्या घ्या, भरून येईल किंवा येणारही नाही. आबानं गालाला चिमटा काढून पाहिला, काही लागलं नाही. घरी आल्यावर त्यानं सनई तोंडाला लावली. ओठ मिटत नव्हते, सगळी हवा कोपऱ्यातून फुस्स करून गेली. त्यानं ती पुसली, गवसणीत घातली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

ओठ मिटल्याशिवाय कितीतरी अक्षरं निघत नाहीत हे मला तेव्हा कळलं. 'पाणी दे' म्हणायचा तर 'आणी दे' ऐकू यायचं. भाकरीची हाकरी झाली. 'धोंड्या' आणि 'रंजी' ही आमची दोन नावं तेवढी त्याच्या तोंडून सरळ यायची. धोंडीराम त्याला हसवायला म्हणायचा, की देवानं निदान घरातल्या माणसांची सोय केलीय. आबा हसायचा नाही. हसला की तोंड आणखी वाकडं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर माझ्या उशाशी आबाची सनई होती आणि तिच्यावर धोंडीरामचा सदरा घडी करून ठेवला होता. आबा दारात उभा होता, तोंडाभोवती मफलर. मी सदरा घातला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि त्याच्या मागून नगारखान्याचा जिना चढले. तेव्हा माझ्या छातीत धडधडायला हवं होतं. बाई चढतेय, देव कोपेल, गाव दगड मारेल, काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. मी वाजवलं, खाली लोकांनी हात जोडले, केरबा वाजवतोय म्हणाले. आबा माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसला होता.

असे दोन महिने गेले. गावात सांगितलं होतं की आबाची दाढ काढलीय, जबडा सुजलाय, बोलता येत नाही. वरचं कुणाला दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं, आणि तिथंच घोडं अडलं.

आबाची एक जागा होती. गाण्याबजावण्यात आपण म्हणतोच ना, अमक्यानं काय जागा घेतली, तशी. संध्याकाळच्या यमनात, संपवायच्या आधी, तो वरच्या षड्जावर जाऊन थांबायचा आणि मग कुठंही न तुटता, एकेक सूर करत, सावकाश खाली उतरायचा. इतका सावकाश की ऐकणाराच श्वास धरून बसायचा. दिवेलागणीला गावातली माणसं त्यासाठी देवळाकडं कान लावून असत. ती त्यानं कुणाला शिकवली नाही. मी लहान असताना एकदा ती वाजवायला गेले तर त्यानं माझ्या हातातून सनई काढून घेतली आणि म्हणाला, ती माझी जागा आहे, तुझं काम सूर. त्यामुळं या दोन महिन्यांत मी यमन रोज वाजवला आणि ती जागा रोज सोडली.

ते एका माणसाच्या लक्षात आलं. अण्णासाहेब इनामदार, देवस्थानचे अध्यक्ष. सत्तरीचे, सनईचे शौकीन, रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर येऊन बसायचे. हल्ली केरबा जागा घेत नाही, असं ते दोघातिघांपाशी बोलले होते. मेळ्याला आमचं नावही त्यांनीच सुचवलं. पाहुण्यांना आपल्या गावची सनई ऐकवायची म्हणून. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर ते सरळ घरी विचारपूस करायला आले असते.

तर असं ठरलं. पुढं आबा बसणार, तोंडाला सनई लावून, नुसती बोटं चालवत. त्याच्या सनईच्या फुंकायच्या पत्तीत मी मेण दाबलं होतं, चुकून फुंक जाऊन भलताच आवाज नको. मागं मी, सूर धरणारं पोर म्हणून, आणि वाजवणार मी. सूर धरणार ती पेटी, धोंडीरामच्या उपरण्याखाली. त्या सगळ्या मेळ्यात महाराज खोटे, बुरूज खोटे, आम्हीही खोटे. सनईतून येणार होतं तेवढं खरं.

दरवाजाच्या वर बांबूचा माळा बांधला होता, तो आमचा नगारखाना. शिडीवरून चढताना आबा ताठ होता. बाकी सगळ्यांनी महाराजांना मुजरा करायचा होता, मॅडमनी आम्हालाही सांगितलं होतं, तेव्हा आबानं फक्त मान हलवून नाही म्हटलं होतं. धोंडीरामनं त्याच्या वतीनं सांगितलं की नगारखाना मुजरा करत नाही, राजाच नगारखान्याच्या खालून जातो. मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा अण्णासाहेब आले. डोक्याला त्यांचाच जुना रुमाल होता, भाड्याची पगडी त्यांनी घेतली नव्हती. दरवाजाखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं.

"केरबा, दोन महिने झाले तुझी जागा ऐकून. दाढ बरी असंल नसंल, आज घे. पाव्हण्यांना सांगून बसलोय मी."

आबानं जबड्याभोवती बांधलेल्या शेल्यावर हात ठेवला आणि मान हलवली. हो म्हणून. अण्णासाहेब समोरच्या बैठकीत पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मी आबाच्या मागं बसले होते. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, शेल्याची गाठ दिसत होती आणि मानेवरचे पांढरे केस. मी पुढं झुकून विचारलं, आता काय करायचं. तो वळला नाही. समोर बघतच त्यानं दोन शब्द सांगितले, दोन्ही सरळ आले.

"जागा घे."

धोंडीरामनं नगाऱ्यावर टिपरी ठेवली आणि मी सुरुवात केली.  खालून पालखी आली, लोक मुजरे करत होते, मोबाईल वर धरत होते, आणि मी वाजवत होते. मला माझी सनई कुणा दुसऱ्याची असल्यासारखी ऐकू येत होती. एकच गोष्ट मला स्पष्ट आठवते, आबाची बोटं. मुक्या सनईवर ती चालत होती आणि ती माझ्या मागून येत नव्हती. माझ्या सुराच्या आधी त्याचं बोट तिथं पोचलेलं असायचं. थोड्या वेळानं मी त्याच्या बोटांकडंच बघून वाजवायला लागले.

यमन भरत आला. मी वर चढले, षड्जावर थांबले. समोर अण्णासाहेबांनी डोळे मिटले. आबाची बोटंही तिथं थांबली होती. आता उतरायचं. पहिला सूर उतरले, दुसरा उतरले, आणि नाकानं दम ओढायला गेले तर दम येईना. घामानं मिशी सुटली होती आणि वर सरकून नाकपुड्यांना चिकटली होती. केस आणि डिंक. मी पुन्हा ओढून पाहिलं, मिशीच आत आली. गालात होती तेवढीच हवा, आणि अजून पाच सूर उतरायचे होते. ती हवा पुरणार नव्हती हे मला अगदी थंडपणे कळलं. अर्ध्यात तुटली असती तर जागा गेली असती. मग मी उतरलेच नाही. होते तिथूनच छोटंसं वळण घेऊन परत वर गेले आणि षड्जावर जाऊन टेकले.

आबाची बोटं खाली निघाली होती. ती मधेच थांबली.

मग त्याची सनई ओठांपासून सुटली. त्याचा उजवा हात हवेत पुढं गेला, बोटं पसरलेली, कशाला तरी धरायला जावा तसा, आणि तो ओरडला.

"आ!"

समोर माईक होता. सगळ्या माळावर ऐकू गेलं. मला वाटलं तो पडतोय. तरी मी वाजवायचं थांबवलं नाही. बावीस वर्षांची सवय होती ती, बाकीचे थांबले तरी सूर धरणाऱ्यानं थांबायचं नाही. मी खांद्यावर नाक घासून मिशी बाजूला सारली, नाकानं दम ओढला आणि तो षड्ज धरून राहिले. केरबा गुरवाची सनई त्याच्या मांडीवर पडली होती आणि सनई वाजत होती. धोंडीरामला काहीच दिसत नव्हतं, तो नगारा बडवत राहिला. लोकांना वाटलं ही काही गंमत आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णासाहेब उभे राहिले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते.

ते शिडी चढून वर आले, त्या वयात, एकटे. तोवर मी थांबले होते. ते आबासमोर बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या जबड्याचा शेला सोडला. उतरलेल्या गालाकडं बघत राहिले. मग विचारलं की कधीपासून.

आबा म्हणाला, "दसरा."

अण्णासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मिशी एका बाजूनं लोंबत होती. मी ती काढून हातात घेतली. त्यांनी ओळखलं, रंजना ना, म्हणाले. मी हो म्हटलं. नगारखान्यातही तूच का, म्हणाले. मी त्यालाही हो म्हटलं. खोटं बोलायला सुचलंच नाही. त्यांनी आबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"केरबा, मला पंचांना सांगावं लागंल रं. देवाच्या दारात बसून खोटं न्हाई बोलता येत."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी पंचांना सांगितलं, आणि पौष संपायच्या आत मान दुसऱ्या गावच्या गुरवांकडं गेला. पाडव्याला आम्ही घर सोडलं. सामान धोंडीरामच्या टेम्पोत बसलं. कोल्हापुरात एक खोली घेतली, मी एका खानावळीत पोळ्या लाटायला लागले. आबा खिडकीशी बसून असायचा. त्याचा गाल कधी भरून आला नाही. त्यानं पुन्हा सनईला हात लावला नाही आणि त्या दिवसाबद्दल चार वर्षांत एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

धोंडीरामनं एकदा मला विचारलं होतं, तो ओरडला का गं. मी सांगितलं, मी त्याची जागा बिघडवली म्हणून. चार पिढ्यांच्या घराण्यात त्याचं स्वतःचं असं ते एवढंच होतं. ते त्यानं माझ्या हातात दिलं आणि मी भलतीकडं वळवलं. कळवळला बिचारा. तो ओरडला नसता तर निभावलंही असतं कदाचित. घर माझ्यामुळं गेलं, असंच मी धरून चालले होते. याचं मला दुःख झालं असं नाही. दुःख झालं असतं तर बरं, असं वाटायचं. पोळ्या लाटायच्या, आबाला जेवायला वाढायचं, झोपायचं.

आबा गेला तेव्हाही मी रडले नाही. बायका मला रड म्हणत होत्या.

त्यानंतर वर्षभरानं धोंडीराम एका संगीत क्लासचा निरोप घेऊन आला. सनई शिकवणारी बाई म्हणून त्यांना माझं अप्रूप होतं. मी गेले. शिकवायला काही वाटावं लागत नाही, कानांनी काम होतं. यमनही शिकवला. आबाची जागा कुणाला शिकवली नाही. माझी नव्हतीच ती.

मागच्या आषाढात माझी दाढ दुखायला लागली. खरीच दाढ. डॉक्टरांनी सुई टोचून काढली, डावा गाल आणि ओठ अर्धे बधिर झाले. दोन तास असंच राहील, बोलू नका, म्हणाले. मी घरी जायचं सोडून क्लासला गेले, कारण अवंती येणार होती. कॉलेजात आहे, दोन वर्षं शिकतेय, पुढच्या आठवड्यात तिचं पहिलं वाजवणं होतं. मी तोंडाला रुमाल धरून बसले आणि खुणेनं सांगितलं, वाजव.

तिनं यमन वाजवला. बरा वाजवत होती. शेवटाकडं मी तिला साधी उतरण बसवून दिली होती, ती घ्यायला ती वर गेली, दोन सूर खाली आली, आणि तिचा दम संपला. मला तो संपताना दिसला. पोरगी घाबरली नाही. होती तिथूनच वळली, एक लहानसं वळण घेऊन परत वर गेली आणि तिथंच टेकली. मी शिकवलेलं नव्हतं ते. माझ्यापेक्षा किती सुंदर होतं. माझा हात आपोआप पुढं गेला आणि मी 'वा' म्हटलं.

"आ!"

अवंतीनं दचकून सनई खाली घेतली. "बाई, खूप दुखतंय का?"

मी मान हलवली. नाही, नाही. मी पुन्हा म्हणून पाहिलं. ओठ मिटतच नव्हते. पुन्हा तेच आलं.

"आ."

माझा हात अजून हवेतच होता, बोटं पसरलेली. मी त्याच्याकडं बघत राहिले.

चार वर्षं मी 'आणी' ऐकून पाणी दिलं होतं. 'हाकरी' ऐकून भाकरी वाढली होती. माझ्या बापाचं वाकडं बोलणं मला एकटीला सगळं कळायचं, असा माझा तोरा होता. आणि ते एक अक्षर मला कळलं नाही. चिमटा काढून ज्या गालाला लागलं नव्हतं, तो दुखून ओरडेल कसा, एवढाही विचार माझ्या डोक्यात आला नाही. पुढं त्यानं मला तसं काही म्हटलं नाही, यात त्याचा काय दोष? त्याच्या लेखी त्यानं म्हटलं होतं. माईकवर, सगळ्या माळासमोर, घर पणाला लावून म्हटलं होतं. पुन्हा म्हटलं असतं तर ते लाड झाले असते.

अवंती पाणी घेऊन आली. मी प्यायले तर अर्धं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून साडीवर सांडलं, तिनं रुमालानं पुसलं. मग मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, की दुखत नव्हतं, मी 'वा' म्हणत होते, आणि आता तेच पुन्हा वाजव. तिनं वाचलं, लाजली आणि सनई उचलली.

ती वाजवत असताना ओठाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध उतरलं की चांगलंच दुखेल. तसं दुखलं. मी तोंडावर रुमाल दाबून धरला आणि रडले, पुष्कळ वेळ, आणि पोरगी मात्र थांबली नाही.